गाडी विकताना आरसी आणि चासी नंबरचे फोटो कुणालाही पाठवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला आमच्या दाराची बेल वाजली, दारात २३-२४ वर्षांचा एक मुलगा, पाठीला बॅग, रात्रीच्या एसटीने करमाळ्याहून आलेला, आणि पहिलंच वाक्य, "काकू, गाडी तुमचीच हाय ना, पैसे दिलेत मी, गाडी कुठंय?" आमची गाडी विकून तोवर तीन आठवडे झाले होते. मला काही कळेना, मिस्टर बाहेर आले, त्यांना वाटलं पत्ता चुकलाय. मग त्याने मोबाइल काढून दाखवला. त्यात आमच्याच वॅगनआरचे फोटो, आमच्या आरसीची पुढची बाजू, मागची बाजू, इन्शुरन्सचा कागद, आणि मी स्वतः माझ्या हाताने काढलेला चासी नंबरचा फोटो, ज्यात माझ्या हिरव्या बांगड्या पण दिसतायत.

हे सगळं त्या मुलाकडे कसं गेलं ते सांगते, कारण ते मीच पाठवलं होतं. त्याला नाही, दुसऱ्याच कुणाला.

आम्ही २०१२ ची वॅगनआर १ लाख ८५ हजाराला विकायची म्हणून एका अ‍ॅपवर जाहिरात टाकली होती. एजंट मधे नको, थेट घरगुती गिऱ्हाईक मिळालं तर बरं असं वाटत होतं. पहिल्याच संध्याकाळी एक फोन आला, बोलणं एकदम नम्र, मराठी-हिंदी मिक्स, म्हणाला मी मिलिटरीत आहे, सध्या बेळगावला पोस्टिंग आहे, सुट्टी नाही त्यामुळे बघायला येता येणार नाही, पण माझा एक दोस्त आरटीओची कामं करतो त्याला कागद दाखवतो आणि ओके असेल तर लगेच अ‍ॅडव्हान्स टाकतो. तुम्ही फक्त आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि गाडीवर पंच केलेल्या चासी नंबरचा क्लिअर फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा. मला ते बरोबरच वाटलं, घेणाऱ्याने खात्री करायलाच पाहिजे ना, आणि फौजी माणूस म्हटल्यावर आपल्या मनात शंका येतच नाही. मी शेजारच्या मुलाला बोलावून तो नंबर नेमका कुठे पंच केलाय ते शोधलं, फडक्याने पुसून घेतला, फोटो काढून पाठवला. त्यानंतर त्याचा एकही मेसेज नाही. आम्हाला वाटलं गाडी पसंत पडली नसेल. पुढे बारा दिवसांनी तासगावच्या एका शिक्षकांनी गाडी घेतली आणि विषय संपला असं आम्ही धरून चाललो.

तर त्या "फौजी"ने आमचेच फोटो वापरून तीच गाडी ९५ हजाराला दुसऱ्या नावाने विकायला काढली होती. आरसीवर नाव वेगळं कसं असं ह्या मुलाने विचारलं तर म्हणे माझ्या काकांची गाडी आहे. आणि हा मुलगा बिनडोक नव्हता हो, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण आमच्याकडे ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांनी पहिलं त्यालाच नावं ठेवली. त्याने एमपरिवहन ह्या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून बघितला होता, मॉडेल जुळलं, रंग जुळला, पेट्रोल जुळलं. मालकाचं नाव तिथे अर्धं झाकलेलं असतं पण जेवढी अक्षरं दिसतात ती आरसीच्या फोटोशी जुळली. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवर गाडी नंबरबरोबर चासीचे किंवा इंजिनचे शेवटचे ४ आकडे लागतात, ते त्याच्याकडे होते, त्याने टाकले, एकही दंड बाकी नाही असं आलं. जेवढं तपासता येतं तेवढं सगळं त्याने तपासलं आणि ते सगळं खरं निघालं, कारण गाडी खरीच होती, आमची होती. आधी ५,१०० बुकिंगचे घेतले, मग मिलिटरीच्या ट्रकने गाडी पाठवतो म्हणून १२,५०० ट्रान्सपोर्ट, मग गेटपास, मग आणखी काहीतरी जे परत मिळणार होतं. एकूण ३१ हजार. पोल्ट्रीवर काम करून साठवलेले. शेवटी फोन बंद झाला तेव्हा आरसीवरचा आमचा पत्ता वाचून तो सांगलीला आला.

त्याला चहा-पोहे दिले, मिस्टरांनी त्याच्याबरोबर पोलीस स्टेशनला जाऊन तक्रार दिली. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० नंबरला पण फोन केला, पण पैसे जाऊन चार दिवस झाले होते. तिथल्या साहेबांनी सांगितलं की हा फोन जितक्या लवकर केला तितकं बरं, पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता आला तरच तो परत मिळायचा चान्स असतो. माझाही जबाब घेतला. जाहिरात, त्या माणसाशी झालेलं चॅटिंग, तासगावच्या सरांना गाडी दिल्याचे कागद, सगळं दाखवावं लागलं. चॅट डिलीट केलं नव्हतं हे नशीब, नाहीतर मी त्या टोळीतली नाही हे कशावरून दाखवलं असतं?

आता चासी नंबरबद्दल. ह्या प्रकारानंतर मी ओळखीच्या एका गॅरेजवाल्या दादांशी आणि आरटीओत वकिली करणाऱ्या एका नातेवाइकांशी बसून बोलले. चासी नंबर म्हणजे १७ अक्षरं-आकड्यांचा गाडीचा ओळख क्रमांक, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत कारण १ आणि ० शी गल्लत होते. सुरुवातीची तीन अक्षरं कंपनीची असतात, मारुतीची एमए३, टाटाची एमएटी. म्हणजे चोरीची पांढरी वॅगनआर ज्याच्याकडे आहे त्याला टाटाच्या गाडीचा नंबर उपयोगाचा नाही, त्याला दुसऱ्या पांढऱ्या वॅगनआरचाच, त्याच दरम्यानच्या वर्षाचा, खराखुरा चालू नंबर पाहिजे असतो. मूळ नंबर ग्राइंडरने घासून हा दुसरा नंबर पंच करायचा, तशीच नंबरप्लेट बनवायची, की कागदावर गाडी स्वच्छ. आणि आपण जाहिरातीत काय देतो? मॉडेल, वर्ष, रंग, पेट्रोल का डिझेल, आणि मागितला की पूर्ण चासी नंबर. त्याला शोधावं सुद्धा लागत नाही. आमच्या नंबरचं असं काही झालंय असं मी म्हणत नाही, पण तासगावच्या सरांना मी हे फोन करून सांगितलं तेव्हा मला फार अपराधी वाटलं, त्यांनी पैसे मोजून घेतलेल्या गाडीचे कागद आता कुणाकुणाच्या मोबाइलमधे फिरतायत कोण जाणे.

पण ह्याचा अर्थ चासी नंबर कुणाला दाखवायचाच नाही असाही नाही, आणि ह्या बाबतीत मला घेणाऱ्याची बाजू पूर्ण पटते. चासी नंबर लपवून गाडी विकणारा माणूस असेल तर त्याच्याकडून मी स्वतः गाडी घेणार नाही. चलान बघायला तो लागतो, गाडी चोरीची नाही ना हे बघायला लागतो, आरटीओत ट्रान्सफरच्या वेळी फॉर्म ३० वर त्याची पेन्सिल प्रिंट लागते. माझी पुतणी न्यू जर्सीला असते, ती म्हणाली तिकडे तर तो नंबर समोरच्या काचेतून बाहेर उभं राहून कुणालाही वाचता येतो, त्यामुळे तिकडे त्याचं एवढं गुपित कोणी मानत नाही. तिकडचा फ्रॉड उलट्या बाजूने चालतो. खोटं गिऱ्हाईक म्हणतं मी सांगतो त्याच साइटवरून गाडीचा हिस्टरी रिपोर्ट काढून द्या, विकणारा बिचारा तिथे नंबर आणि कार्डाची माहिती टाकतो, पैसे जातात आणि गिऱ्हाईक गायब. तिकडच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ मधेच लोकांना ह्याबद्दल सावध केलं होतं.

म्हणजे नुसत्या नंबराने कुणी गाडीचा मालक होत नाही, घोळ होतो तो नंबर, आरसीचा पूर्ण फोटो, पत्ता आणि सही हे सगळं एकत्र एका अनोळखी माणसाच्या हातात गेल्यावर, आणि तेही त्याने गाडी डोळ्यांनी बघायच्या आधी. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी माणूस गाडीपाशी आला पाहिजे, कागद त्यानंतर. फोनवर विचारणाऱ्याला गाडीचा नंबर द्यावा, तो तसाही रस्त्यावर सगळ्यांना दिसतो आणि एमपरिवहनवर तेवढ्यावर बरंच कळतं. चलान बघायचं असेल तर चासीचे शेवटचे ४ आकडे सांगा, पूर्ण १७ नाही. आरसी पाठवायचीच वेळ आली तर पत्ता आणि चासी-इंजिन नंबर झाकून, आणि फोटोवर आडवं मोठ्या अक्षरात "फक्त बघण्यासाठी", तारीख आणि समोरच्याचं नाव लिहून पाठवा, असा फोटो पुढे तिसऱ्याला फसवायला वापरणं अवघड जातं. एनसीआरबी म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या साइटवर गाडी नंबर, चासी आणि इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद नसल्याचा कागद काढता येतो, तो विकणाऱ्यानेच काढून ठेवावा. बाकी जो खरंच घेणारा आहे तो येतोच. तासगावचे सर आले, आरसी हातात धरून पंच केलेला एकेक आकडा त्यांनी जुळवला, त्यावरून बोट फिरवून बघितलं घासलेलं वगैरे आहे का, मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं, आता वाटतं असंच करायला पाहिजे.

आणि गाडी ट्रान्सफरच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या करून देणं तर कृपा करून बंद करा. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर १४ दिवसांत विकणाऱ्याने आरटीओला कळवायचं असतं. कागदावर जोवर आपलं नाव आहे तोवर अपघाताची भरपाई आपल्यावर येऊ शकते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मधे नवीन कुमारच्या केसमधे हेच सांगितलंय, आणि त्या केसमधे तर गाडी विकल्यावर एकाकडून दुसऱ्याकडे अशी बऱ्याच हातातून गेली होती.

परिवहन खात्याला आपल्या पेपरमार्फत माझी एक विनंती आहे. गाडीच्या कितीतरी ऑनलाइन कामांना सुरुवातीला गाडी नंबर आणि चासीचे शेवटचे ५ आकडे विचारतात, एचएसआरपी म्हणजे नव्या जास्त सुरक्षेच्या नंबरप्लेटचं बुकिंग करताना पण चासी आणि इंजिन नंबर मागतात, म्हणजे एका अर्थी हा नंबर आपण पासवर्डसारखा वापरतोय आणि तोच नंबर गॅरेज, पीयूसी, इन्शुरन्स, झेरॉक्सवाला सगळ्यांकडे पडून आहे. त्यापेक्षा मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येऊन घेणाऱ्याला दोन-तीन दिवसांपुरती एक लिंक देता येईल, त्यात कर्ज, चलान, चोरीची नोंद, इन्शुरन्स सगळं एकत्र दिसेल आणि विकणाऱ्याचं नाव मालकाशी जुळतंय का तेही कळेल, अशी काही सोय करायला काय हरकत आहे? त्या मुलाकडे अशी लिंक मागायची सोय असती तर तो फौजी पहिल्याच दिवशी उघडा पडला असता. आणि जुन्या गाड्यांच्या जाहिराती घेणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी फोटोत आरसी दिसली की ती आपोआप धूसर करावी, लोक सरळ जाहिरातीतच आरसी टाकतात, मी गेले काही दिवस मुद्दाम बघतेय, पत्त्यासकट.

त्या मुलाच्या तक्रारीचा तपास चालू आहे असं सांगतात. त्याच्या ३१ हजारातले काही थांबलेत का ते अजून कळलेलं नाही, मिस्टर दर सोमवारी फोन करून विचारतात. आमच्या अपार्टमेंटमधे सध्या दोघांनी स्कूटर विकायला काढल्यात, दोघांच्याही जाहिरातीत आरसीचे फोटो होते, ते मी परवा त्यांच्या शेजारी बसून काढायला लावले.

आपली नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली