रिसीव्हर उघडण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसलो. जुन्या टेलिफोनचा बेकेलाइटचा (जुन्या कडक प्लास्टिकचा) रिसीव्हर कॉम्प्युटरला जोडायचा, हा विचारच मला फार आवडला. माझी कळकळीची विनंती एकच: त्यात काहीही कापू नकोस. जे करशील ते उद्या काढून रिसीव्हर पुन्हा पूर्वीसारखा करता आला पाहिजे.

कानाकडचा भाग सोपा आहे. चुंबक, तारेचं वेटोळं आणि पातळ पडदा. हेडफोनच्या जागी जोडलास की बहुधा बोलू लागेल, आवाज थोडा बारीक असेल इतकंच. फक्त डावी-उजवी वाहिनी एकत्र बांधू नकोस. एकच घे आणि सेटिंगमध्ये आवाज मोनो कर.

खरा जीव तोंडाकडच्या भागात आहे. तिथे दोन चकत्यांमध्ये कार्बनचे बारीक कण असतात. आपण बोललो की ते दाबले जातात, त्यांचा रोध बदलतो आणि त्यांतून वाहणारा प्रवाह आवाजाबरोबर कमीजास्त होतो. म्हणजे बाहेरून प्रवाह मिळाल्याशिवाय हा माइक मुकाच. टेलिफोन एक्स्चेंज त्यासाठी 48 व्होल्टची बॅटरी लावायचं, प्रवाह वीस-तीस मिलिअँपिअर सहज असायचा. कॉम्प्युटरच्या माइकच्या जॅकमधून सहसा एक मिलिअँपिअरही मिळत नाही.

वेगळी बॅटरी, रेझिस्टर आणि कपॅसिटर लावून कार्बनलाच बोलतं करता येतं, आणि तो खरखरीत, जवळचा आवाज मला अतिशय प्रिय आहे. पण रोजच्या बोलण्यासाठी कार्बनची कॅप्सूल काढून तिथे छोटा इलेक्ट्रेट माइक बसव; हा जॅकमधून मिळणाऱ्या थोड्याशा प्रवाहावर चालतो. त्याचं अधिक-उणे टोक नीट पाहा. जुनी कॅप्सूल मात्र जपून ठेव.

दोरीतली तार म्हणजे बऱ्याचदा धाग्यावर गुंडाळलेली तांब्याची पट्टी. तिला सोल्डर नीट धरत नाही, म्हणून टोकाचे मूळ चिमटे स्क्रूखाली तसेच वापर. कॉम्प्युटरच्या बाजूला माइक आणि हेडफोन अशा दोन खाचांचं छोटं यूएसबी साउंड कार्ड पुरे. आणि हे कधीही विसरू नकोस: एकीकडे कॉम्प्युटर जोडलेला असताना दुसरीकडे चालू टेलिफोन लाइन नको. घंटी वाजताना तिच्यावर 90 व्होल्टच्या आसपास एसी येतो, साउंड कार्ड जागीच जळेल.

उघडण्याआधी तारांचे रंग आणि जागा यांचा फोटो काढून पाठव. तीनच तारा निघाल्या तर एक कानाकडच्या आणि तोंडाकडच्या भागांत सामाईक असणार. कोणती कुठे जोडायची ते मी आकृती काढून कळवतो.

तुझाच,
मित्र