ताई, पान दुमडल्याबद्दल थँक्यू

ताई, तुम्ही विसरलाही असाल, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. न्यूटनचा तिसरा नियम मला तोंडपाठ होता, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा म्हटला असता, पण डोक्यात एकच भुंगा, क्रिया-प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध तर बेरीज शून्य, मग जगात काही हलतंच कसं? घोड्याने गाडी ओढली, गाडीनेही घोड्याला तेवढंच मागे ओढलं, झालं की मग, बसा जागेवर.

हे आधी ज्यांना विचारलं त्यातले एक म्हणाले परीक्षेला येत नाही, सोडून दे. दुसऱ्यांनी भर वर्गात विचारलं, "गाडी चालताना बघितली नाहीस का कधी?" सगळे हसले. अहो बघितलीये, म्हणूनच तर विचारतेय ना! आणि याच महाशयांनी फळ्यावर टेबलावरचं पुस्तक काढून त्याचं वजन म्हणजे क्रिया आणि टेबलाचा वरचा रेटा म्हणजे प्रतिक्रिया असं ठोकून दिलं होतं.

तुम्ही आधी उत्तर दिलंच नाहीत. "प्रश्न बरोबर आहे तुझा," एवढं म्हणालात, वहीचं पान मधोमध दुमडलंत, एका बाजूला घोडा, दुसऱ्या बाजूला गाडी काढलीत आणि पेन माझ्या हातात दिलंत. "ज्याच्यावर बल लागतंय त्याच्याच बाजूला बाण काढ, घडी ओलांडायची नाही." बस्स. गाडीच्या बाजूला घोड्याची ओढ पुढे आणि घर्षण मागे. घोड्याच्या बाजूला गाडीची ओढ मागे, आणि तो खुरांनी जमीन मागे रेटतो म्हणून जमीन त्याला पुढे ढकलते. जोडीतले दोन बाण एका बाजूला येतच नाहीत, मग कोण कोणाला कॅन्सल करणार? पुस्तकाचंही तसंच, वजन आणि टेबलाचा रेटा दोन्ही पुस्तकावरच, म्हणजे ती जोडीच नाही, वजनाचा खरा जोडीदार म्हणजे पुस्तक अख्ख्या पृथ्वीला वर ओढतं ते बल. हे कळल्यावर मला हसूच आलं.

पुढे संवेग (म्हणजे वस्तुमान गुणिले वेग) तर आपोआप सुटला. बल समान, वेळही तीच, म्हणजे संवेगातला बदल समान आणि उलटा. गुळगुळीत बर्फावर 40 किलोच्या आणि 60 किलोच्या माणसांनी एकमेकांना ढकललं आणि हलका 3 मीटर प्रति सेकंदाने गेला, तर जड 2 ने जाणार. इकडे 120, तिकडे 120, बेरीज आधीसारखीच शून्य.

आणि हसणाऱ्यांचं काय घेऊन बसायचं, 1920 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने रॉकेटवर काम करणाऱ्या गोडार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाची थट्टा केली होती की निर्वात पोकळीत रॉकेटला रेटायला काही नाही, एवढंही याला कळत नाही म्हणून. अरे, रॉकेट आपलाच गॅस मागे फेकतं की! अपोलो 11 चंद्राकडे निघाल्यावर, जुलै 1969 मध्ये, त्यांनी चूक कबूल केली. तिथे आमच्या वर्गाची काय कथा.

हुशार माणसं ढिगाने भेटतात हो, पण समोरचा मूर्ख नाही असं धरून बोलणारी किती? आणि पेन दुसऱ्याच्या हातात देऊन गप्प बसता येणं तर त्याहून दुर्मिळ. खरंच मनापासून थँक्यू.

आता नवा भुंगा लागलाय, हलणाऱ्या दोन विद्युत चार्जेसमधली बलं दरवेळी समान-विरुद्ध नसतात, आणि हिशेब जुळवायला त्यांच्याभोवतीच्या विद्युतचुंबकीय फील्डचाही संवेग धरावा लागतो म्हणे. वेळ असेल तेव्हा याच्यावर बसूया का?