सरस्वतीच्या दिवशी व्हरांड्यात बसलेल्या मुलाबद्दल, शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शिक्षणमंत्री, गोवा सरकार,
सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकलेली. दोन खोल्या नि एक व्हरांडा एवढीच शाळा, आणि तिथली सगळ्यात मोठी आठवण म्हणजे सरस्वतीपूजन. गोव्याबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही पण आपल्याकडे नवरात्रातली शाळेची सरस्वती म्हणजे अख्ख्या गावाचा सण, मखर, पताका, आरत्या, फुगड्या, रात्री पोरांचं नाटक, आणि आपली पाटी देवीसमोर ठेवली की दोन दिवस अभ्यास नाही याचा आनंद. मला हे सगळं आजही जिवापाड आवडतं, हे आधीच सांगते.

मागच्या नवरात्रात भाच्याच्या शाळेत आरतीला गेले. व्हरांड्याच्या पायरीवर तिसरीतला एक मुलगा एकटाच बसलेला. भाचा म्हणाला, मखराच्या निम्म्या पताका काल यानेच कापल्या. कुटुंब मुसलमान, वडील गवंडीकाम करतात, घरून सांगितलेलं की टिळा नको, आरती नको, तर बाई म्हणाल्या मग तू बाहेर बस. बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, अशा वेळी काय करायचं हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नाही. नंतर त्याला पण शिऱ्याचा द्रोण दिला, तर तो द्रोण मांडीवर धरून तसाच बसून राहिला, आतली मुलं बाहेर येईपर्यंत.

आता दुसरी बाजू पण ऐका. माझी मुलगी सहावीत, चर्चच्या संस्थेच्या अनुदानित हायस्कूलमध्ये. शाळा चांगली, शिक्षक जीव लावून शिकवतात. पण रोज असेंब्लीत ख्रिस्ती प्रार्थना सगळ्यांनी हात जोडून म्हणायची. एक दिवस ती मला विचारते, आई मी नुसती उभी राहिले तर चालेल का? मी चौकशी केली तर ऑफिसातून उत्तर, सगळीच मुलं म्हणतात, तुम्हालाच काय झालं. प्रवेशाच्या फॉर्मवर धर्म विचारला, जात विचारली, आधार नंबर घेतला, पण हिला धार्मिक शिक्षण द्यायचं की नाही हे कुठेच विचारलं नाही!

आणि हे विचारणं म्हणजे मेहेरबानी नव्हे हो, घटनेतच आहे. कलम २८ म्हणतं की पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थना-पूजेला संमतीशिवाय कोणालाही बसवता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची. कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवायचा हक्क दिलाय, तो त्यांचा आहे आणि राहावा, पण त्या हक्काने २८ पुसलं जात नाही.

आपल्या गोंयकारांना तर हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. पोर्तुगीजांच्या काळात राज्य आणि धर्म एक झाले तेव्हा १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं, ते मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं, आमचा मंगेश देव कुठ्ठाळीहून नदी पार करून प्रियोळला आणावा लागला. आणि १९१० ला पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, १९११ ला कायद्याने चर्च सरकारपासून वेगळं केलं, तेव्हा कुठे इथल्या हिंदूंना सरकारी नोकरीचं दार उघडलं. म्हणजे ही फारकत झाली त्याचा फायदा आपल्याच पणज्यांना मिळालाय. आज बहुसंख्य आपण आहोत म्हणून तीच गोष्ट त्या व्हरांड्यातल्या पोराला नाकारायची, हे मला पटत नाही.

मुलांनी धर्माबद्दल काहीच शिकू नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. २००२ साली सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की धर्मांविषयी माहिती देणं वेगळं आणि धर्माची दीक्षा देणं वेगळं. तरी २०२३ ला दाबोळीच्या शाळेतली मुलं मशीद बघायला गेली म्हणून केवढा गोंधळ झाला, मुख्याध्यापक निलंबित झाले. नियम स्पष्ट नसला की प्रत्येक शिक्षक घाबरून राहतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

म्हणून मागणी एवढीच की शिक्षण खात्याने एक परिपत्रक काढावं. अनुदानित शाळांच्या प्रवेश फॉर्मवर संमतीचा रकाना असावा, संस्था चर्चची असो, मठाची असो की मदरशाची, सगळ्यांना एकच. जो नाही म्हणेल त्याला त्या वेळात खरोखरचा तास मिळावा, शिक्षकासकट, बाहेर बसवणं नको. काही शाळांत हे आधीपासून होतंच, ख्रिस्ती मुलं दोतोर्नला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला जातात नि बाकीची व्हॅल्यू एज्युकेशनला, कोणाचं काही अडत नाही. आणि सरकारी शाळेतली सरस्वती गावकऱ्यांनी संध्याकाळी शाळा सुटल्यावर करावी, हजेरीशी तिचा संबंध नसावा, ज्याला यायचं तो येईल. मी तर पहिली येईन, फुगडीला पण.

परिपत्रक नवरात्राआधी निघालं तर बरं. तो मुलगा आता चौथीत आहे, त्या शाळेतलं त्याचं हे शेवटचं वर्ष.

आपली,
डिचोलीची एक पालक