अलंकार म्हणजे एम.ए. नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नृत्याच्या प्राध्यापकीवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. भाषा गोड आहे. माहितीबद्दल तसे म्हणवत नाही. अलंकार ही नृत्यपरीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुली एम.ए.च्या बरोबरीने कॉलेजात अर्ज करू शकतात, हे कोणी सांगितले? वाशीला ही परीक्षा घेणारे गांधर्व महाविद्यालय मंडळ आहे, ठाण्यात गल्लोगल्ली कथकचे क्लास. तिथल्या आया हे कात्रण जपून ठेवणार! अलंकारची तयारी एम.ए.पेक्षा कमी नसते, कधी जास्तच असते. पण 1956च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याने पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठांना आहे, मंडळांना नाही. दहावीच्या वाढीव गुणांना ही प्रमाणपत्रे चालतात. सहायक प्राध्यापकाच्या छाननीत नाही.

यूजीसीच्या 2018च्या नियमावलीप्रमाणे 55 टक्क्यांसह एम.ए. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा हवी. दुसरी वाट नामवंत गुरूंकडे शिकलेल्या कलावंतांची. तिलाही पदवी लागते, शिवाय आकाशवाणी किंवा दूरदर्शनची वरची श्रेणी. (नर्तकीने आकाशवाणीवर काय करायचे, हे नियम लिहिणाऱ्यांनाच ठाऊक.) नेटला एम.ए.च्या शेवटच्या वर्षी बसता येते, मात्र निकालापासून दोन वर्षांत एम.ए. पूर्ण झाले पाहिजे. नृत्य आणि नाट्य यांची प्रश्नपत्रिका एकच, त्यामुळे कथकच्या मुलीला रशियन नाट्यदिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्कीही वाचावा लागतो. लेखात यातले अक्षर नाही.

लेख म्हणतो, मुलाखतीत नाचून दाखवायचे. समितीला प्रत्यक्ष पाठही घ्यायला लावता येतो, आणि भल्याभल्यांची गाडी तिथेच अडते. सोळा मात्रांच्या तीनतालातली दमदार तिहाई (मध्ये थांबत तीनदा म्हटलेला तुकडा) पढंत करून, म्हणजे तोंडाने बोल म्हणून, सगळ्याच दाखवतात. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रेचा दम, म्हणजे 5+1+5+1+5 = 17, आणि सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम, तालाची पहिली मात्रा, एवढे फळ्यावर मांडा म्हटले की खडू थांबतो. वर्षानुवर्षे तोंडपाठ केलेले असते, मोजलेले नसते.

'सकाळी कॉलेज, दुपारी पीएच.डी.' ही ओळ तर कमालच. अर्धवेळ पीएच.डी.ला संस्थेचे ना हरकत पत्र लागते. कामातून अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल, गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळे करू, असे त्यात लिहून द्यावे लागते. तासिका तत्त्वावर जूनमध्ये घेतलेल्या आणि एप्रिलमध्ये नारळ दिलेल्या बाईंना हे कोण लिहून देणार? वर ती नोकरी पुढे अनुभवात धरायची तर पगार नियमित प्राध्यापकाइतका हवा. तासिकांवर तो कुठला?

जाता जाता, लेखावरचे छायाचित्र. नर्तकी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धी बसलेली, घुंगरू चामडी पट्ट्यावर शिवलेले, आणि खाली ओळ 'कथक'. हे तर भरतनाट्यम; कथकमध्ये पाय सरळ असतात आणि घुंगरू दोरीत ओवतात. फोटो निवडणाऱ्याने भरतनाट्यम पाहिले नसेल तर निदान ठाण्यातला एखादा क्लास तरी पाहून यावा.

आपली,
एक नृत्यशिक्षिका, नौपाडा, ठाणे