युद्धात कसला आलाय कायदा, असं विचारलंत म्हणून

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "युद्धात कसला आलाय कायदा?" मी घाईत होते. आज वर्ग लवकर सुटला, म्हणून लिहायला बसले.

हाच प्रश्न पहिल्या दिवशी माझ्या वर्गात शिकायला आलेले वकीलच विचारतात. मग मी रशियाच्या चेचन्या प्रांतातल्या कातिर-युर्त गावाचं उदाहरण काढते. फेब्रुवारी २००० मध्ये माणसांनी भरलेल्या त्या गावावर रशियन विमानांनी २५० आणि ५०० किलोचे बॉम्ब टाकले. गावात बंडखोर शिरले होते, कारवाई भाग होती, हे स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही मान्य केलं. पण लोकांना आधी बाहेर न काढता वस्तीवर असले बॉम्ब टाकणं जगण्याच्या हक्काचा भंगच, असा निकाल २००५ मध्ये दिला.

कलमं शिकवणं सोपं आहे हो. जबाब घ्यायला शिकवताना माझा घाम निघतो. काल सरावात मी बेपत्ता मुलाची आई झाले. समोरच्या तरुण वकिलाचा पहिलाच प्रश्न, "तुमच्या कोणत्या हक्काचं उल्लंघन झालं?" मी गप्प. आई, तू तर उठूनच गेली असतीस! दुसऱ्या खेपेला त्याने विचारलं, दार कोणी उघडलं? त्याच्या पायात काय होतं? गाडी कुठे वळली? मग मला बोलता आलं. मुलगा सैनिकांच्या ताब्यात होता एवढं दाखवता आलं, की पुढे त्याचं काय झालं हे सांगायची जबाबदारी सरकारवर येते.

चेचन्यातल्या एका आईला तिचा मुलगा टीव्हीच्या बातम्यांत दिसला होता, सैनिकांच्या ताब्यात. त्याच चित्रीकरणात एक लष्करी अधिकारी त्याला संपवायला सांगतो. २००६ मध्ये ती खटला जिंकली. मुलगा सापडला नाही.

आणि बाबा, तुमच्या पावत्यांच्या फायलीला मी आता हसत नाही. अर्ज केल्याची पोच नसली तर घरच्यांनी शोध घेतला हे पटवायचं कसं? शिवाय देशातला शेवटचा निर्णय लागला की स्ट्रासबुर्गला जायला चारच महिने. २०२२ च्या आधी सहा होते.

हे न्यायालय ज्या युरोपीय मानवी हक्क करारावर चालतं, त्यातून रशिया त्याच वर्षी, २०२२ मध्ये, १६ सप्टेंबरला बाहेर पडला. त्यानंतरच्या घटनांची रशियाविरुद्ध दाद तिथे मागता येत नाही. "मग उपयोग काय?" हा तुमचा पुढचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय. त्यावर फोनवरच भांडू.

उद्या सरावात मी सरकारी पक्षाची वकील. त्या तरुण वकिलाने घेतलेला जबाब ओळीओळीने फाडणार आहे.

तुमची,
धाकटी