अंबाजोगाईच्या मेडिकलवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

नाव तुमचंही लिहीत नाही, माझंही नाही. गर्दी पांगायची वाट बघत खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या वाचत उभा राहिलेला काका म्हणलं की ओळखाल.

व्हायग्रा हवी होती, पण मी "ती निळी गोळी" एवढंच पुटपुटलो. तुम्ही हसला नाहीत, पोराला हाकही मारली नाहीत. हळूच विचारलंत, "काका, शुगर आहे का? छातीत दुखलं की जिभेखाली गोळी ठेवता का?" दोन्हीला होय म्हणून मान हलवली, तसं तुम्ही डबीला हातच लावला नाही. या दोन गोळ्या एकत्र झाल्या तर बीपी धाडकन कोसळतं, माणूस जातोही, असं स्पष्ट सांगितलंत. स्टँडवरच्या 'हमखास ताकदी'च्या चूर्णाचंही बजावलंत. तसल्या पुड्यांत हेच औषध गुपचूप मिसळलेलं निघतं म्हणे.

तुम्ही धाडलं म्हणून स्वारातीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं कळलं, साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही खराब होतात, आणि ताठरता यायला दोन्ही धड लागतात. लिंगातल्या वाहिन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या त्याहून मोठ्या. म्हणून बऱ्याचदा बारीक आधी तुंबतात. माझं अगदी तसंच झालं, छातीचं दुखणं नंतर आलं. शुगरवाल्याचे पाय बघतात, डोळे बघतात, पण हे कोणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

तंबाखू सुटली. तीन महिन्यांची शुगर उतरायला लागलीय. गोळी मला चालणार नाही म्हणून डॉक्टरांनी व्हॅक्यूम पंप, म्हणजे हवा ओढून ताठरता आणायचं साधन, सुचवला. पहिल्यांदा बघून आम्ही दोघं नुसते हसत बसलो! काम होतं. विशीतलं काही परत येत नाही, ते सोडा. पण माझं मन उडालं असं धरून मालकीण आतल्या आत झुरत होती. डॉक्टरांनी तिच्यासमोर हा शुगरचा त्रास आहे असं सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. त्यासाठीच खरं तर हे पत्र.

आणखी एक. माझा चुलतभाऊ येत्या बाजाराच्या दिवशी तुमच्याकडे येईल. चाळिशीतला आहे, शुगर आहे, छातीची तक्रार अजून नाही. तोही बाटल्याच वाचत उभा राहील. त्यालाही तसंच हळूच विचारा, आणि आधी ईसीजीला धाडा.

तुमचा,
एक गिऱ्हाईक