गळलेला ‘नाही’

फोंडा,
25 सप्टेंबर

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

चवथीला आलास खरा, पण गणपतीवर फळांची माटोळी बांधतानाही तुझं डोकं त्या कॅटच्या, मॅनेजमेंट प्रवेशपरीक्षेच्या, मॉक टेस्टच्या आकड्यातच होतं. ‘व्हर्बलमध्ये, त्या इंग्लिशच्या भागात, माझं काही होणार नाही, मराठी शाळेतला मी, इंग्लिशच कच्चं,’ असं आईला म्हणालास ते ओसरीवर ऐकू आलं. तेव्हा गप्प बसलो. तोंडात नेवरी असलेल्या माणसाशी वाद घालू नये.

जाताना तू पेपरची प्रिंट इथेच विसरलास. मी ती लाल पेन घेऊन वाचली, जुनी खोड. माझं इंग्लिश तुझ्याहून कच्चं, त्यामुळे शेजारी डिक्शनरी. तुझे आठ प्रश्न चुकलेत. त्यांत शब्द अडला म्हणून चुकलेला एकच. उरलेल्या सातांत तू उताऱ्यात नसलेलं वाचलंयस. हा आजार मला ठाऊक आहे. वर्तमानपत्रात प्रूफं तपासताना तो पकडायचाच मला तीस वर्षं पगार मिळाला, आणि एकदा तो मलाच झाला.

ही गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. ओपाच्या पाणी प्रकल्पात दुरुस्ती होती, त्याची सूचना रात्री उशिरा आली. ‘उद्या फोंडा व तिसवाडीत पाणीपुरवठा होणार नाही.’ कंपोझ करताना शेवटचा ‘नाही’ गळला. प्रूफ मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला तिथे ‘नाही’ दिसला. दुरुस्ती आहे म्हणजे पाणी नसणार, हे डोक्याला आधीच माहीत होतं. डोळ्यांनी ते निमूटपणे कागदावर उमटवलं. सकाळी सहापासून कचेरीतला फोन खणखणत होता. पिंपं न भरलेल्या लोकांनी काय काय ऐकवलं ते आईलाही सांगितलेलं नाही.

आता तुझे सात प्रश्न बघ. ‘लेखक पुढीलपैकी काय म्हणत नाही’ असं विचारलंय आणि तू म्हणतो ते निवडलंस, असे दोन. बाकीचे पाच जास्त गमतीचे. त्यांत तू चुकीचं असं काही निवडलेलंच नाहीस. जे निवडलंस ते जगात खरं आहे, उताऱ्यात मात्र नाही.

आपल्याच घरातलं उदाहरण देतो. समज, उतारा एवढाच आहे: 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून राहायचं, असे दोनच पर्याय होते. विलीनीकरणाला 1,38,170 मतं पडली, संघप्रदेशाला 1,72,191. यावरून काय निष्कर्ष निघतो? पहिला पर्याय, बहुसंख्य गोवेकरांना मराठी नको होती. दुसरा, त्यांना स्वतंत्र राज्य हवं होतं. तिसरा, मिळालेल्या मतांत विलीनीकरणाच्या बाजूची मतं निम्म्याहून कमी होती.

तुझ्या आजोबांनी फुलावर, म्हणजे विलीनीकरणावर, शिक्का मारला होता. दोन पानांवर, म्हणजे संघप्रदेशावर, मारणारे आपले शेजारी. पहिल्या पर्यायावरून दोघांचं आयुष्यभर भांडण चाललं, आणि मतपत्रिकेवर भाषेचा प्रश्नच नव्हता. दुसरा त्याहून फसवा. घटकराज्य 1987 मध्ये झालं हे तुला माहीत आहे, म्हणून मागे वळून 1967 मध्येही ते दिसायला लागतं. पण त्या दिवशी स्वतंत्र राज्याला मत द्यायची सोयच नव्हती. उरतो तिसरा. इतका मिळमिळीत की हात उचलत नाही, आणि उत्तर तेच. या प्रश्नांत बरोबर उत्तर बहुधा असं नीरस असतं. ज्या विषयावर तू रात्रभर वाद घालू शकतोस त्यावर उतारा आला तर दुप्पट सावध राहा. अनोळखी विषयात माणूस निदान कागदाला धरून चालतो.

वाक्यांचा क्रम लावायचे प्रश्न तू सोडूनच दिलेस, त्याचा मात्र राग आला. सत्तरी, पेडणे अशा तालुक्यांतून वार्ताहरांच्या हातच्या बातम्या यायच्या, पानांना आकडे नसायचे, पावसाळ्यात शाई फुटलेली. आम्ही लावायचोच. ‘त्यांनी’ने सुरू होणारं वाक्य पहिलं नसतं, कुणी ते आधी यायला हवं. ‘तथापि’ असेल तर त्याच्या वर काहीतरी उलटं असणार. आधी अशी एक जोडी घट्ट बांधायची, मग बाकीची वाक्यं तिच्याभोवती. आणि ज्यांचं उत्तर टाइप करायचं असतं त्यांना उणे गुण नाहीत असं तूच सांगितलंस. मग रिकामं का सोडतोस?

शब्दांची यादी पाठ करायचं ते ॲप बंद कर. कॅटच्या या भागात अलीकडे 24 प्रश्न, त्यांतले 16 उताऱ्यांवरचे, आणि 40 मिनिटं. जीमॅट या दुसऱ्या प्रवेशपरीक्षेवाल्यांनी तर वाक्य दुरुस्तीचे प्रश्न 2023 च्या नव्या परीक्षेतून काढूनच टाकले. व्याकरणाची भीती तू कशाला बाळगतोस? त्यापेक्षा चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिही, उताऱ्यातल्या कोणत्या ओळीवर मी हे उत्तर दिलं. ओळ सापडली नाही तर तिथे लाल गोल कर. पंधरा दिवसांत गोल मोज.

आईचं म्हणणं, पुणं-बिणं काही नको, साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटला कॅटही चालते आणि झॅट ही तसलीच दुसरी परीक्षाही, मुलगा गोव्यातच राहील. मी तिच्या बाजूने किंवा विरुद्ध काही बोललेलो नाही, हे नीट वाच.

बसवाल्याकडे उरलेल्या नेवऱ्यांचा डबा दिलाय. पुढच्या मॉकमधले चुकलेले प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठव, उत्तरं नको पाठवूस. संध्याकाळी बाजारातून आलो की बसतो.

तुझा,
बाबा